शिंपले पाळून नदीत सोडले की झालं का संवर्धन?

जलरेखा
गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांबद्दल बरंच वाचून झालं, आता डोक्यात जे घोळतंय ते इथं मांडते. धोक्यातले प्राणी म्हटलं की वाघ, गेंडा, देवमासा आठवतात. शिंपला कुणाला आठवत नाही. पण प्रमाण बघाल तर हा गट या सगळ्यांच्या पुढे निघून गेलाय. जगात सर्वांत जास्त विविधता उत्तर अमेरिकेत, साधारण ३०० जाती. १९९३ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी आढावा घेतला तेव्हा त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त एकतर संपलेल्या, नाहीतर धोक्यात किंवा काळजी करण्याजोग्या निघाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने २१ जाती नामशेष झाल्या म्हणून संरक्षित यादीतून काढल्या. त्यात आठ शिंपले होते. त्या बातमीत पक्ष्यांचे फोटो होते, शिंपल्यांचा एकही नाही.

आता मुद्दा. उपाय म्हणून सगळीकडे एकच चित्र दिसतं: मत्स्यबीज केंद्रात शिंपल्यांची पिल्लं वाढवायची, हजारोंनी नदीत सोडायची, फोटो काढायचा. माझं मत, ज्या नदीत ते मेले त्याच नदीत नवे सोडून काय साधणार? तोच पैसा नदी सुधारण्यात घातला तर शिंपले आपले आपण परत येणार नाहीत का? का मी फारच सोपं करून बघते आहे?

टवाळ
शिंपल्याचा फोटो काढला तरी दगडाचा काढलाय असंच वाटणार ना लोकांना. प्रसिद्धी विभागाची अडचण समजून घ्या.

निवांत
वाचतोय. जाणकारांच्या प्रतिसादांची वाट बघतो.

सूक्ष्मदर्शी
चांगला धागा. पण "आपले आपण परत येतील" इथंच अडतं, कारण शिंपला स्वतः फारसा कुठं जात नाही. एका पायाने सरकत सरकत आयुष्यभरात थोडं अंतर. मग नदीत वरच्या अंगाला तो पोचतो कसा? माशावर बसून.

थोडक्यात सांगतो. नर शुक्रपेशी पाण्यात सोडतो. खालच्या अंगाला असलेली मादी पाणी गाळताना त्या आत घेते. फलन होतं, आणि मादी भ्रूण स्वतःच्या कल्ल्यांमध्ये सांभाळते. त्यांच्यातून मिलिमीटरचा अंश असलेल्या, दोन कवचांच्या अळ्या तयार होतात, त्यांना ग्लोकिडिया म्हणतात. अळी बाहेर पडली की तिच्याकडे फार वेळ नसतो. योग्य माशाच्या कल्ल्याला किंवा पराला तिला चिमटा घेऊन लटकावं लागतं. माशाची त्वचा तिच्याभोवती वाढते, त्या कोषात अळीचं पिल्लू होतं आणि मग ते गळून तळाशी पडतं. काही जातींत हे दोन-चार आठवड्यांत उरकतं. युरोपातल्या मोत्याच्या शिंपल्यात (मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा) नऊ-दहा महिने लागतात, आणि त्याला फक्त सॅल्मन किंवा ट्राउट चालतो. दुसऱ्या माशावर अळी बसली तरी माशाचं शरीर तिला झटकून टाकतं.

म्हणजे नदी कितीही स्वच्छ करा, तो विशिष्ट मासा तिथं नसेल तर पुढची पिढी नाही. आणि मासा आहे पण पिल्लं देणारी मादीच आसपास उरली नसेल, तरीही नाही.

शंकेखोर
थांबा, म्हणजे हा परजीवी झाला की. दुसऱ्याच्या अंगावर फुकट वाढायचं. आणि आपण त्याला वाचवायला निघालोय? माशांना त्रास होत नाही का?

सूक्ष्मदर्शी
@शंकेखोर, आयुष्याचे काही आठवडे किंवा महिने परजीवी, उरलेली दशकं स्वतःच्या कष्टावर. निसर्गात एका माशावर जेवढ्या अळ्या असतात तेवढ्यांनी सहसा फारसं बिघडत नाही. अती झाल्या तर ताण येतो. उलट गंमत अशी की मासाच हळूहळू प्रतिकारशक्ती कमावतो. एकदा-दोनदा अळ्या बसून गेल्या की पुढच्या खेपेला त्या तो झटकतो. म्हणून प्रयोगशाळेत याआधी अळ्या न बसलेले मासे लागतात.

तुमचीच शंका १७९७ मध्ये राथके नावाच्या शास्त्रज्ञालाही आली होती. शिंपल्याच्या कल्ल्यात त्याला या अळ्या दिसल्या आणि शिंपल्यालाच कुणीतरी परजीवी लागलाय असं समजून त्याने त्यांना वेगळा प्राणी ठरवून टाकलं. आईच्या पोटातली पोरं, आणि शिक्का परजीवी!

आणि फुकट काही मिळत नाही. माशाला जवळ बोलवायला मादी काय काय करते ते बघा. लॅम्पसिलिस गटातल्या माद्या आपल्या मांसल पडद्याचा छोटा मासा करतात, त्याला डोळ्याचा ठिपका, शेपटी, पोहण्याची हालचाल, सगळं. बास मासा झडप घालतो आणि तोंडभर अळ्या घेऊन जातो. हॅमिओटा गटातल्या तर अळ्यांचा माशासारखा पुंजका पारदर्शक, चिकट दोरीच्या टोकाला बांधून प्रवाहात सोडतात. दोरी एक-दोन मीटर लांब. हे सगळं ज्या प्राण्याला माशाचं रूप दिसेल असे डोळे नाहीत, त्याने केलेलं!

टवाळ
डोळे नसताना इतकं हुबेहूब? आमच्या चित्रकलेच्या सरांना हे दाखवू नका.

प्रयोगवही
एपिओब्लाझ्मा राहिला. त्यातली स्नफबॉक्स नावाची जात गळ टाकत बसत नाही. लॉगपर्च नावाचा मासा दगड उलथत खाणं शोधतो. तो हिच्यापाशी तोंड घालतो तेव्हा ही कवच मिटून त्याचं डोकं धरून ठेवते, अळ्या कल्ल्यांवर सोडते आणि मग सोडून देते. लॉगपर्चची कवटी भक्कम, तो वाचतो. इतर लहान मासे यात मरतातही. नामशेष झालेल्या शिंपल्यांत या एपिओब्लाझ्मा गटातल्या बऱ्याच आहेत, नुसत्या वरच्या आठांतच सहा. एवढं नेमकं गणित जमवलेल्या जातीच आधी गेल्या.

निवांत
बाप रे. हे माहीतच नव्हतं.
रच्याकने, उलटा व्यवहारही वाचलाय. बिटरलिंग नावाचा मासा आपली अंडी शिंपल्याच्या आत, कल्ल्यांत घालतो. पिल्लं तिथंच वाढतात आणि पोहण्याजोगी झाली की बाहेर पडतात. म्हणजे नातं दोन्हीकडून आहे, शंकेखोर.

शंकेखोर
ठीक, परजीवीवाला आक्षेप तूर्त मागे ठेवतो. मूळ प्रश्न राहतोच. शिंपले नसले तर बिघडतं काय नक्की?

गाळमाती
नदी-बांधकामाशी संबंध असल्याने लिहितो. एक मोठा शिंपला दिवसाला पन्नासेक लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो. हजारोंचा थर असेल तर नदीच्या तळाशी सतत गाळणी चालू आहे असं समजा. पाण्यातले शेवाळाचे कण, जिवाणू ओढून घ्यायचे, आणि नको ते गोळा करून तळाशी टाकायचं. त्यावर किडे पोसतात, किड्यांवर मासे. शिवाय जिवंत शिंपल्यांनी तळ धरून ठेवलेला असतो आणि मेलेल्यांची कवचं इतरांना आसरा देतात.

आता जलरेखाताईंचा मुद्दा. मला त्यांचं निम्मं पटतं. शिंपल्यांची सर्वांत मोठी कत्तल धरणांनी केली. टेनेसी नदीवरचं मसल शोल्स हे ठिकाण घ्या. उथळ, खळाळतं पाणी, एकट्या त्या पट्ट्यात सत्तरेक जाती नोंदलेल्या. १९२० च्या दशकात विल्सन धरण झालं आणि तो पट्टा पाण्याखाली गेला. वाहत्या पाण्यातले शिंपले साचलेल्या, गाळ बसणाऱ्या पाण्यात तगत नाहीत. जे तगले त्यांचे मासे आले नाहीत. धरणाच्या खाली तळातून सोडलेलं थंडगार पाणी आलं की प्रजननच होत नाही. मोठे शिंपले मात्र मरत नाहीत लगेच, तिथंच बसून राहतात. त्यामुळे पन्नास वर्षं लोकांना वाटतं सगळं ठीक आहे.

याच्या उलटचं उदाहरणही आहे. कनेक्टिकट नदीत धरणापाशी माशांना वर चढायची सोय केली, शॅड मासे पुन्हा वर जाऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर एलवाइफ फ्लोटर नावाचा शिंपलाही वरच्या पट्ट्यात दिसू लागला. कुणी पाळला नाही, सोडला नाही. १९८५ मध्येच यावर लिहून आलंय.

जलरेखा
अगदी हेच म्हणायचं होतं मला! धन्यवाद.

प्रयोगवही
इतक्यात टाळ्या नकोत :-) एलवाइफ फ्लोटर खालच्या अंगाला भरपूर होता म्हणून वर गेला. ज्या जातीचे शे-दोनशेच उरलेत, तेही एकमेकांपासून लांब लांब, त्यांचं काय? शुक्रपेशी पाण्यातून वाहत जाऊन मादीपर्यंत पोचायच्या आहेत. विरळ वस्तीत त्या पोचतच नाहीत. अशा नदीवर तुम्ही कितीही खर्च केलात तरी उगवायला बीजच नाही.

स्पेंग्लरचा शिंपला (मार्गारिटिफेरा ऑरिक्युलारिया) बघा. एके काळी पश्चिम युरोपभर होता. आता स्पेनमधली एब्रो नदी आणि फ्रान्समधल्या काही नद्यांत उरलाय. त्याचा मुख्य यजमान (ज्याच्या अंगावर अळी वाढते तो) स्टर्जन मासा, आणि तो स्वतःच मरणपंथाला. इथं नदी आधी, मासा आधी, शिंपला आधी, असा क्रम लावत बसलात तर तिन्ही जातील.

शंकेखोर
पाणी गाळायचंच असेल तर झेब्रा मसल का नको? कुठंही वाढतो, झपाट्याने वाढतो, पाणी काचेसारखं करतो असं ऐकलंय. निसर्गात सक्षम तोच टिकतो वगैरे.

दोनकवडी
कारण तोच बाकीच्यांना मारतो! झेब्रा मसल मूळचा काळा समुद्र-कॅस्पियन भागातला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरतात ते) अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये पोचला. त्याला मासा लागतच नाही. त्याच्या अळ्या पाण्यात मोकळ्या तरंगतात आणि कठीण पृष्ठभाग मिळाला की धाग्यांनी चिकटतात. स्थानिक शिंपल्याचं कवच हा त्यांना उत्तम कठीण पृष्ठभाग. एकावर शेकडो बसतात, त्याला उघडता येत नाही, मिटता येत नाही, खाणंही आधी हेच खाऊन टाकतात. लेक सेंट क्लेअरमधले स्थानिक शिंपले काही वर्षांत जवळजवळ संपले.

आणि काचेसारखं पाणी म्हणजे निरोगी पाणी नव्हे. अन्नसाखळीच्या तळातलं शेवाळ सगळं उपसून काढलं की वरचे उपाशी.

टवाळ
म्हणजे "सक्षम" आणि "आगाऊ" यात फरक आहे. काही आयडी आठवले.

संपादक मंडळ
वैयक्तिक टिप्पणी टाळावी. चर्चा शिंपल्यांपुरती ठेवा.

टवाळ
शिंपल्यांचे आयडी म्हणत होतो मी.

जुनेपाने
मूळ प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे. शिंपले वाढवून नदीत सोडायचा उद्योग शंभर वर्षांपूर्वी एकदा करून झालाय!

१८९१ मध्ये जॉन बोपल नावाच्या जर्मन कारागिराने आयोवातल्या मस्कटाइन गावी शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. मिसिसिपीच्या तळाशी शिंपल्यांचे थरच्या थर होते. १९०५ पर्यंत त्या एका गावातून वर्षाला दीड अब्ज बटणं निघत होती, जगातल्या बटणांच्या एक तृतीयांशाहून जास्त. काढायची पद्धत सोपी. आडव्या दांडीला दोऱ्या, दोऱ्यांना बोथट आकडे, आणि ते तळावरून ओढत न्यायचं. शिंपल्याला काही टोचलं की तो कवच मिटतो, आकडा आत अडकतो आणि शिंपला वर येतो. बचावाची सवयच जिवावर बेतली. नदीकाठी अजूनही गोल भोकं पाडलेली कवचं सापडतात.

थर संपायला लागले तेव्हा कारखानदारांच्या आग्रहावरून सरकारने फेअरपोर्टला संशोधन केंद्र मंजूर केलं, १९०८ साली. कल्पना आजच्यासारखीच: माशांवर अळ्या चढवायच्या आणि ते मासे नदीत सोडायचे. प्रचंड संख्येने सोडले. पण नदीत त्यातले किती जगले, कुणी नीट मोजलंच नाही. उपसा चालू, शहरांचं सांडपाणी चालू, पुढे धरणं आली. शेवटी उद्योग वाचला नाहीच, प्लॅस्टिकचं बटण आलं.

नंतर तीच कवचं जपानला जाऊ लागली, संवर्धित मोत्यांच्या आत बसवायच्या मण्यासाठी. म्हणजे समुद्रातल्या मोत्याच्या पोटात मिसिसिपीचा तुकडा. ते एक वेगळंच प्रकरण, पुन्हा कधी.

निवांत
पुन्हा कधी नको, आत्ताच लिहा! मोत्यांचं म्हणाल तर, सिझर ब्रिटनवर गेला तो तिथल्या मोत्यांच्या लोभाने असं सुएटोनियसने लिहून ठेवलंय. खरं-खोटं सिझर जाणे. स्कॉटलंडमध्ये मोत्यांसाठी शिंपले काढायला १९९८ मध्ये पूर्ण बंदी आली. त्याआधी हजारो शिंपले फोडले तर एखादा बरा मोती, असा हिशोब असायचा.

आकडेमोड
जुनेपाने यांच्या प्रतिसादातलं "कुणी नीट मोजलंच नाही" हे वाक्य अधोरेखित करतो. माझ्या मते या धाग्याचा गाभा तो आहे.

शिंपल्यांच्या बाबतीत संख्या फसवते. मोत्याचा शिंपला शंभर वर्षांहून जास्त जगतो, उत्तरेकडच्या थंड नद्यांत त्याहूनही बराच. तुम्ही एका पट्ट्यात पाच हजार मोजले आणि खूश झालात, पण त्यातला सगळ्यात लहान साठ वर्षांचा असेल तर ते म्हातारेच उरलेलं गाव आहे. युरोपात अशा कितीतरी नद्या आहेत. माद्या अळ्या सोडतात, लाखोंनी. मासेही असतात. पण माशावरून गळलेलं पिल्लू पहिली चार-पाच वर्षं तळाच्या खड्यांमध्ये गाडून घेऊन जगतं, आणि शेतातून-जंगलतोडीतून आलेल्या बारीक गाळाने त्या खड्यांमधल्या फटी बुजल्यात. आत प्राणवायू पोचत नाही, पिल्लं गुदमरतात. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, पाणी स्वच्छ दिसतं.

म्हणून "किती आहेत" हा प्रश्न दुय्यम. "वीस वर्षांच्या आतले किती" हा खरा. आणि ते शोधायला नुसतं पाण्यात डोकावून भागत नाही. चौकट टाकून, तिच्यातले खडे उपसून, चाळून बघावे लागतात. कष्टाचं काम आहे, म्हणून टाळलं जातं.

गाळमाती
+१०० आकडेमोड. फटींमधल्या पाण्याची आणि वरच्या पाण्याची रासायनिक स्थिती सारखी आहे का हे मोजायची पद्धत आता आहे. फरक जास्त असेल तर तिथं पिल्लं जगणार नाहीत हे आधीच सांगता येतं. मग सोडायचा खर्च कशाला करायचा?

प्रयोगवही
मी काही काळ अशा केंद्रात काम केलंय (नाव-गाव विचारू नका), तर आतली बाजू सांगते.

आधी नदीतून अळ्यांनी भरलेली मादी शोधायची. कवच अलगद किंचित उघडून बघायचं, जास्त ताणलं तर स्नायू फाटतो. सिरिंजने कल्ल्यातून अळ्या पाण्याच्या झोताने बाहेर काढायच्या. थोड्या वेगळ्या घेऊन त्यावर मीठ टाकून बघायचं, कवच फटाफट मिटलं तर अळ्या जिवंत आणि तयार. मग बादलीत मासे, हवेचे बुडबुडे आणि अळ्या एकत्र. प्रमाण चुकलं तर मासे मरतात. मादी जिथून आणली तिथंच परत.

मासे टाकीत. काही आठवड्यांनी पिल्लं गळायला लागली की टाकीच्या तळाचं पाणी जाळीतून काढून ती गोळा करायची. मिठाच्या कणाएवढी. खरी परीक्षा इथून पुढे. कुठलं शेवाळ द्यायचं, किती द्यायचं, गाळ किती ठेवायचा. पाण्यात चपटे कृमी शिरले तर एका रात्रीत पिल्लं फस्त करतात. अमोनिया जरा चढला की संपलं. टाकी मी रिकामी होताना बघितलीय, त्यावर जास्त लिहीत नाही.

पूर्वी पिल्लं गळली की लगेच सोडायचे. ती वाचत नाहीत म्हणून आता वर्ष-दोन वर्षं वाढवून, कवचावर खुणेची पट्टी डिंकवून सोडतात. काहींना आत इलेक्ट्रॉनिक टॅग, म्हणजे तळाशी गाडलेला असला तरी यंत्राने सापडतो. त्यामुळे @आकडेमोड, आता मोजतात. सगळे नाही मोजत, पण मोजणारे आहेत.

शंकेखोर
माशाशिवाय नाही होत का हे? इतकं विज्ञान पुढे गेलंय.

प्रयोगवही
होतं. काही जातींच्या अळ्या काचेच्या बशीत, पोषक द्रावण आणि सशाचं सीरम घालून वाढवता येतात. यजमान मासा कोणता हेच कळलेलं नसेल तेव्हा फार उपयोगी. पण बुरशी-जिवाणू लागायचा धोका मोठा.

टवाळ
नदीतल्या शिंपल्याला वाढवायला जमिनीवरचा ससा. माशाला कळलं तर रुसेल.

सूक्ष्मदर्शी
एक धोका राहिला. दोन-तीनच माद्यांच्या अळ्यांपासून हजारो पिल्लं केली तर नदी भावंडांनी भरून जाईल. संख्या वाढलेली दिसेल, पण जनुकीय विविधता घटलेली. म्हणून दरवर्षी वेगळ्या माद्या घ्यायच्या, आणि एका खोऱ्यातले शिंपले दुसऱ्या खोऱ्यात टाकायचे नाहीत.

नवखा
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे लहानसं तळं आहे, पाणी हिरवं होतं. शिंपले आणून सोडले तर पाणीही स्वच्छ आणि संवर्धनालाही हातभार, असं चालेल का?

दोनकवडी
@नवखा, स्वागत. पण नको! लहान तळ्यात त्यांना पुरेसं खाणं मिळत नाही. ते महिनोन्‌महिने उपाशी राहून हळूहळू मरतात, आणि मिटलेला शिंपला जिवंत की मेलेला हे तुम्हाला कळत नाही. मेलेला कुजला की अमोनिया वाढून मासेही जातात. त्यात नदीतून उचलणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, आणि विकत मिळणारे परदेशी असू शकतात. चिनी तळ्यातला शिंपला (सायनॅनोडॉन्टा) युरोपभर पसरला तो माशांच्या व्यापाराबरोबर. त्याच्या अळ्यांना कुठलाही मासा चालतो.

मत्स्यालयाच्या सामानातूनही बला येते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत दुकानांत विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांमध्ये झेब्रा मसल सापडले होते. म्हणून तळ्यातलं काहीही नदीत ओतू नका. आणि होडी, जाळी, बूट एका पाण्यातून दुसऱ्यात न्यायचे असतील तर धुवून, पूर्ण वाळवून. संवर्धनाला हातभार एवढाही पुष्कळ.

नवखा
समजलं, बेत रद्द. तळं हिरवंच बरं.

निवांत
पाण्याच्या शुद्धतेवरून आठवलं. वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात शिंपले नोकरीला आहेत! आठ शिंपल्यांच्या कवचांवर संवेदक चिकटवलेत. पाण्यात काही वाईट आलं की ते मिटतात, एकदम मिटले की यंत्रणा सावध होते. काही महिन्यांनी त्यांना मूळ ठिकाणी परत सोडतात.

टवाळ
ठरावीक मुदत, सुरक्षित जागा, शेवटी घरी परत. अर्ज कुठं करायचा?

सूक्ष्मदर्शी
विनोद बाजूला, पण हीच संवेदनशीलता त्यांना मारते. शिंपल्यांची पिल्लं अमोनिया आणि तांब्याला बहुतेक जलचरांपेक्षा नाजूक. जुन्या पाणी-निकषांसाठी चाचण्या मुख्यतः मासे आणि इतर प्राण्यांवर झालेल्या, त्यामुळे "नियमात बसणारं" पाणीही शिंपल्यांना विषारी असू शकायचं. अमेरिकेने २०१३ मध्ये अमोनियाचे निकष कडक केले, त्यामागे शिंपले आणि गोगलगायींवरच्या चाचण्या होत्या. माझ्या मते गेल्या काही दशकांत शिंपल्यांसाठी झालेल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी हे एक. फोटो मात्र एकही नाही.

जलरेखा
परत मूळ प्रश्नाकडे येते. सगळं वाचून माझं मत थोडं सरकलंय, पण पूर्ण नाही. बीज शिल्लक नसेल तिथं पाळावं लागेल, मान्य. पण नदी दुरुस्त होण्याआधी सोडणं अजूनही मला पटत नाही. क्लिंच नदीचंच बघा. १९९८ मध्ये व्हर्जिनियात टँकर उलटला, रसायन ओढ्यातून क्लिंचमध्ये गेलं, सुमारे ७,००० शिंपले मेले, त्यात संरक्षित जातीही. भरपाईच्या पैशातून पुढे शिंपले वाढवून सोडले. आणि २०१६ पासून त्याच नदीत फेझंटशेल नावाची जात पुन्हा मोठ्या संख्येने मरू लागली.

सूक्ष्मदर्शी
पण ते मरण वेगळं आहे. तिथं शेजारी असलेल्या इतर बऱ्याच जाती ठीक होत्या, आणि मरणाऱ्या फेझंटशेलमध्ये एका विषाणूचा संबंध आढळलाय. म्हणजे सगळं पाणीच नासलंय असा अर्थ निघत नाही. उलट अशा वेळी केंद्रात राखून ठेवलेली पिढी असेल तर ती जात वाचते.

प्रयोगवही
आणि पहिल्या खेपेला नदी साफ झाल्यावरच सोडले होते ना? नदी कायमची दुरुस्त झाली असा दिवस येत नसतो, जलरेखाताई. वाट किती बघायची?

गाळमाती
मला जर्मनीतल्या लुटर नदीचं उदाहरण सर्वांत पटतं. तिथं मोत्याच्या शिंपल्यांत तरुण पिढीच दिसत नव्हती. आधी शोधलं की पिल्लं मरतात ती वाहत्या वाळूने आणि गाळाने. मग ओढ्यांवर वाळू अडवणारे सापळे, नदीकाठची जमीन विकत घेऊन तिचा वापर बदलला, आणि बरोबरीने अळ्या चढवलेले ट्राउट सोडले. पुढे लहान शिंपले पुन्हा सापडू लागले, एकूण संख्याही वाढली. म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती, पण कारण आधी शोधलेलं होतं. घाईने सोडणाऱ्यांचं तिथंच चुकतं.

धरण काढणाऱ्यांनाही हेच सांगणं. जलाशय भराभर रिकामा केला की काठावरचे शिंपले उघड्या चिखलात अडकून मरतात. विस्कॉन्सिनमध्ये एका लहान जलाशयात हे झालंय, तिथले बहुतेक सगळे गेले. पाणी हळू उतरवा, माणसं लावून शिंपले गोळा करा, मग भिंत फोडा.

आकडेमोड
माझी एकच अट असेल. शिंपले सोडायची परवानगी देतानाच पुढच्या पंधरा वर्षांच्या मोजणीचा पैसा बाजूला काढलेला हवा. मोत्याचा शिंपला प्रजननक्षम व्हायलाच दहा-पंधरा वर्षं घेतो. सोडलेले जगले हे यश नव्हेच. त्यांची पोरं नदीच्या तळात सापडली तर यश.

शंकेखोर
पंधरा वर्षांचं अनुदान? सरकारं पाच वर्षांची, प्रकल्प तीन वर्षांचे. देणार कोण?

आकडेमोड
फेअरपोर्टला त्यांनीही हेच विचारलं असणार.

प्रयोगवही
काही ठिकाणी पूल किंवा पाइपलाइनचं काम करणाऱ्यांकडून शिंपले हलवायचा खर्च घेतात. नंतरच्या मोजणीचा खर्चही त्याच अटीत बसवता येतो. आम्ही एका कामात तसं लिहून घेतलं होतं. पहिल्या दोन मोजण्या झाल्या, तिसऱ्या वर्षी नदीला पूर होता म्हणून पुढे ढकलली. या हंगामात पाणी उतरलं की जायचंय.

जलरेखा
गेलात की आकडे इथंच टाका. लहान सापडले का तेवढं आधी सांगा.